‘सदर्ली’चा श्वास

१

पेटी उघडली तेव्हा आत क्लॅरिनेट होते, पण त्याला तोंड नव्हते.

लाल मखमलीत वाद्याच्या प्रत्येक भागासाठी एकेक खळगा कोरलेला होता. काळ्या लाकडाचे बाकीचे भाग आपापल्या जागी निजल्यासारखे पडून होते. रीड, म्हणजे सूर काढणारी वेताची पातळ पट्टी, धरून ठेवणारी धातूची पट्टीसुद्धा कोपऱ्यात तशीच होती. वादक ज्या भागाकडे आपला श्वास सोपवतो, तो माउथपीस तेवढा नाहीसा झाला होता.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या स्टेशनामागे आमच्या बँडची पत्र्याच्या छपराची खोली आहे. त्या रविवारी दुपारी दक्षिणेचा वारा छपराला झोंबत होता.

या वाऱ्याला इथे सदर्ली म्हणतात, आणि त्याच्याच नावाची एक धून आहे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात लेन हॅथवे यांच्या डान्स बँडने ती वेलिंग्टनच्या एका रेडिओ स्टुडिओत वाजवली. स्विंग नावाच्या नाचाच्या जॅझ संगीताचा तो काळ. आपला क्लॅरिनेटवादक मिरवता यावा म्हणून प्रत्येक बँड एखादी अवघड धून बाळगून असे. ‘सदर्ली’ची एकच तबकडी उरली. तीत क्लॅरिनेट तळातल्या सुरावरून निघते आणि एका अखंड मींडेने वर वर चढत जाते, जणू सामुद्रधुनीवरून निघालेला वारा डोंगराला भिडतो आहे. शेवटच्या सुराच्या अलीकडे मात्र एक इवलासा खंड आहे, एका श्वासाएवढा. तो श्वास या धुनीची ओळख होऊन बसला.

लेन यांनी ही धून पुन्हा कधीच वाजवली नाही. वर्षभरात त्यांनी क्लॅरिनेट ठेवून दिले, तेच या पेटीतले, असे आम्हाला सांगितलेले, आणि पुढे जन्मभर संचालकाची छडी हातात घेऊन बँड चालवला. कोणी म्हणत, शिखरावरून माणूस पुन्हा चढणार कुठे? कोणी म्हणत, युद्धात गेलेल्या भावासाठी त्यांनी ते व्रत घेतले होते. मी बँडमधला दुसरा क्लॅरिनेटवादक. दुसऱ्या माणसाच्या वाट्याला विश्वास ठेवणे येते. मी दोन्हींवर ठेवला होता.

येत्या शनिवारी बँडच्या वर्धापनदिनाची मैफल होती आणि ‘सदर्ली’ मुग्धा वाजवणार होती. मुग्धा मूळची नाशिकची. हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळी करून, डोळ्यांखाली काळी वर्तुळे घेऊन तिने ही धून महिनोन्‌महिने घासली होती.

आदल्या रविवारी आमच्याकडे लोकांसाठी खुली दुपार होती. पाहुणे पांगल्यावर मैफलीच्या पत्रकासाठी पेटीतल्या वस्तूंचे फोटो काढणे, कपबश्या विसळणे, ग्रॅहमच्या आजींची चाकाची खुर्ची गाडीपर्यंत ढकलत नेणे, अशी बोलावे न लागणारी कामे मी नेहमीप्रमाणे अंगावर घेतली होती. चहानंतर मुग्धाने पेटी मिटून काचेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावले, आणि किल्ली आठवडाभर तिच्यापाशीच राहिली.

ग्रॅहम हॅथवे बँडचे अध्यक्ष आणि लेन यांचे नातू. माणूस वाईट नाही, पण आजोबांच्या बाबतीत फार हळवा. त्यांनी रिकाम्या खळग्यावरून बोट फिरवले आणि मुग्धाकडे न पाहता सांगितले, की माउथपीस परत येईपर्यंत ‘सदर्ली’ कार्यक्रमातून काढली आहे. आणि तो आला नाही, तर ज्याच्या हाती किल्ली होती त्याने बँडमध्ये राहायचे की नाही हे स्वतःच ठरवावे.

 मुग्धाने आपले क्लॅरिनेट पुसले, उघडून पुन्हा पुसले, आणि ती निघून गेली. मला तिच्या बाजूने बोलायचे होते. वाक्य मनात पूर्ण बांधून होईपर्यंत तिची गाडी वळणापार गेली होती.

२

मी सुमेध आणि विनिता यांच्या घरी खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो. सुमेधच्या आई, डॉक्टर वासंतीकाकू, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मिरजेत त्यांचा दातांचा दवाखाना होता. तो बंद केला तरी समोरच्या माणसाशी बोलताना त्यांची नजर डोळ्यांवरून हळूच दातांवर उतरत असे. मराठी मंडळींच्या जेवणांना त्यांना सगळ्यांत चांगली खुर्ची मिळे, आणि ती नेहमी कोपऱ्यात असे. येणारा जाणारा वाकून विचारी, “काय काकू, कसं वाटतंय न्यूझीलंड?” आणि उत्तर यायच्या आत सरबताचा पेला हाती देऊन पुढे जाई.

त्या संध्याकाळी माझा चेहरा पाहून त्यांनी मला मेथी निवडायला बसवले आणि सगळी हकीकत काढून घेतली.

“म्हणजे त्या मुलीवर आळ आहे आणि तू मेथी निवडतोयस,” त्या म्हणाल्या. “बरं. चोरानं पट्टी ठेवली आणि नुसता माउथपीस नेला. वाजवायला नेला असता तर पट्टीही नेली असती. विकायचा असता तर अख्खी पेटी उचलली असती. तू फोटो काढलेस ना? दाखव.”

मी फोन दिला. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. माउथपीसच्या निमुळत्या चोचीवर, वरच्या अंगाला, दोन खोलगट खुणा होत्या. त्या मी रोज माझ्याही माउथपीसवर पाहतो. म्हणूनच या कधी नीट पाहिल्या नव्हत्या.

“वाजवताना वरचे दात इथं टेकतात?”

मी होकारार्थी मान हलवली.

“आणि रोज तासन्‌तास टेकले की दगडालासुद्धा घर पडतं.” त्यांनी फोटो आणखी मोठा केला. “हे वरचे पुढचे दोन दात. लहान, अरुंद. डावा जरा वळून उजव्यावर चढलाय. चांगला दाट एकमेकांना चिकटलेला जोड आहे. आता मला तुझा तो लेनआजोबा दाखव.”

पत्रकाच्या मुखपृष्ठावर लेन हॅथवे मान मागे टाकून हसत होते. हातात क्लॅरिनेट, केस चप्प बसवलेले, आणि वरच्या पुढच्या दोन दातांत भलीमोठी फट.

“ह्या फटीतून माझी सुपारी जाईल,” काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. दवाखान्यात वाईट बातमी सांगताना त्या असेच बोलत असाव्यात. “इंद्रनील, ह्या माउथपीसवरचे दात ह्या माणसाचे नाहीत.”

३

दुसऱ्या दिवशी काकूंनी मुग्धाला चहाला बोलावले. ती गणवेशातच आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. तेवढी शिक्षा माझ्या हक्काची होती.

तिने लपवाछपवी केली नाही. त्या जुन्या माउथपीसवर ‘सदर्ली’ वाजवावी अशी तिची इच्छा होती, ग्रॅहमना तिने तसे विचारलेही होते, आणि त्यांनी साफ नकार दिला होता.

“म्हणजे कारण तर माझ्याकडेच आहे, काकू. किल्लीही माझ्याकडेच. मी ग्रॅहमच्या जागी असते तर मलाच धरलं असतं.”

“घेतलास का?”

“घेतला असता तर पट्टी सोडली नसती. आजकालच्या पट्ट्या त्या जुन्या माउथपीसला नीट बसत नाहीत.”

“हे ठाऊक असलेला चोर मुद्दाम पट्टी सोडून जाईल.”

मुग्धा पहिल्यांदा किंचित हसली. “काकू, रात्रपाळीनंतर माझं डोकं एवढं चालत नाही हो.”

पुढचे तिने सावकाश आठवून सांगितले. फोटो झाल्यावर पेटी हीटरजवळच्या टेबलावर उघडीच राहिली होती. सगळे चहाला आतल्या स्वयंपाकघरात गेले. परत आल्यावर तिने झाकण मिटले. आत पाहिले नाही. पाहण्यासारखे काही असेल असे वाटलेच नाही. त्या वेळी खोलीत कोण कोण होते, या प्रश्नाला तिने चार नावे सांगितली: ती स्वतः, मी, ग्रॅहम, आणि वाद्यांची देखभाल करणारे म्हातारे कॉलिन. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मीही मान डोलावली.

उठताना मुग्धा म्हणाली, “मला बँडमधून काढलं तर काढू देत. पण मी ज्या वॉर्डात काम करते तिथे पेशंट त्यांच्या अंगठ्या, घड्याळं माझ्या हातात देऊन ऑपरेशनला जातात. हे गाव लहान आहे, काकू.”

ती गेल्यावर तिच्या कपात चहा तसाच होता.

ग्रॅहम यांना आम्ही त्यांच्या टायरच्या दुकानात गाठले. सुरुवातीला ते आखडून बोलले. पण काकूंनी त्यांच्या आजोबांबद्दल विचारताच हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. लेन आजोबा ती तबकडी घरात कधी लावू देत नसत. रेडिओवर ‘सदर्ली’ लागली की उठून रेडिओ बंद करीत. केवढा विनय, ग्रॅहम म्हणाले. त्या क्लॅरिनेटला घरातल्या कोणीही नंतर ओठ लावला नाही, लावण्याची मुभाच नव्हती. म्हणूनच मुग्धाला नकार. म्हणूनच माउथपीसचा फोटो पत्रकावर छापण्यालाही त्यांचा विरोध होता.

“आजी ते पाहून अस्वस्थ होते,” ते म्हणाले. “फार वय झालंय तिचं. शनिवारी तिच्यासमोर आजोबांचं नाव घेऊन ती धून वाजावी, एवढंच मला हवं होतं. आता तेही गेलं.”

त्यांचे डोळे ओले झाले होते. हा माणूस स्वतःच्याच घरातली वस्तू चोरून असा रडेल का, हे मला ठरवता येईना. परतताना काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या. हट नदीच्या काठच्या विलोच्या झाडांवर एकही पान उरले नव्हते.

“विनय असलेला माणूस लाजतो,” त्या अखेर म्हणाल्या. “उठून रेडिओ बंद करतो, त्याला काहीतरी सोसवत नसतं.”

४

कॉलिन बँडच्या खोलीत एका सॅक्सोफोनच्या चावीखालची गादी बदलत होते. त्यांनी “कीआ ओरा” असा माओरी नमस्कार करून काकूंना हीटरजवळची खुर्ची दिली आणि विचारायच्या आधीच आपल्यावरचा संशय सांगून टाकला: ही पेटी वेलिंग्टनच्या संग्रहालयात द्यावी असा आग्रह त्यांनी धरला होता, आणि त्यावरून ग्रॅहमशी त्यांचे वाजलेही होते. पण संग्रहालयात द्यायची वस्तू कोणी खिशात घालून नेत नाही, असे ते हसत म्हणाले. काकूंना ते पटलेले दिसले. त्यांचे लक्ष केव्हाच भिंतीकडे गेले होते.

भिंतीवर दोन जुने फोटो शेजारी शेजारी होते. पहिल्यात लेन हॅथवे यांचा अख्खा बँड, ‘सदर्ली’च्याच वर्षीचा. टोकाला एक सडपातळ मुलगी, मांडीवर हात जुळवून. खाली लिहिले होते, गायिका डॉरथी. फोटोग्राफरने काही विनोद केला असावा, कारण ती मोकळी हसत होती. दुसरा फोटो पुढच्या वर्षीचा, लेन आणि डॉरथी यांच्या लग्नाचा. त्यातही ती हसत होती.

काकू खुर्चीवरून उठल्या. दोन्ही फोटोंपुढे इतका वेळ उभ्या राहिल्या, की कॉलिनचा हात थांबला.

“इकडे ये,” त्यांनी मला बोलावले. “ह्या फोटोत तिचा डावा दात बघ. वळून शेजारच्यावर चढलाय. दिसला? आता लग्नातला बघ. सगळे कसे एका रेषेत, पांढरेशुभ्र, जात्याला टाकी दिल्यासारखे एकसारखे. त्या काळी, एका वर्षात, दात असे सरळ होत नाहीत रे.”

“मग?”

“मग ते तिचे दात नाहीत.”

मी कॉलिनना इंग्रजीत समजावून सांगितले. त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्या काळी इथे तसे करीतच, ते म्हणाले. मुलीचे लग्न ठरले की बाप तिचे सगळे दात काढवून घेई, चांगले दातही, आणि कवळी बसवून देई. नवऱ्याला पुढे दातांच्या डॉक्टरची झळ नको, म्हणून. तो आहेर समजला जाई. त्यांच्या स्वतःच्या आईलाही तो मिळाला होता. आई म्हणे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

छपरावर वारा पुन्हा वाजू लागला. काकू खाली बसल्या आणि मराठीत, माझ्याशीच बोलल्यासारख्या, बोलू लागल्या.

“मिरजेत एक क्लॅरिनेटवाला माझ्याकडे आला होता. लग्नाच्या बँडमधला. हिरड्या खराब झाल्या होत्या, दात काढणं भाग होतं. खुर्चीत बसल्यावर त्यानं एकच विचारलं, ‘डॉक्टरीणबाई, वाजवता येईल ना?’ मी नवी होते. म्हटलं, ‘कवळी बसली की सगळं पहिल्यासारखं.’ महिन्याभरानं तो वाद्य घेऊन आला. माझ्यासमोर लावलं तोंडाला. वरची कवळी जागची हलायची आणि सूर फाटायचा. तो भांडला नाही. वाद्य फडक्यात गुंडाळलं, मला नमस्कार केला आणि गेला. वरच्या दातांवर सगळा भार असतो, हे मला त्यानं शिकवलं. एवढं शिकवलं, आणि मला त्याचं नावसुद्धा आठवत नाही.”

मी भिंतीवरच्या मुलीकडे पाहिले. मांडीवर जुळवलेल्या तिच्या हातांची बोटे किंचित वाकलेली होती, काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

“म्हणजे ‘सदर्ली’...”

“तिनं वाजवली,” काकू म्हणाल्या. “आणि माउथपीस कोणी नेला हेही मला कळायला हवं होतं. तुझा तो फोटो पुन्हा काढ. सगळा. दातांच्या बाहेरचासुद्धा.”

५

फोटोच्या डाव्या कडेला, टेबलाच्या पलीकडे, चौकटीच्या लोकरी शालीचा कोपरा आला होता, आणि त्याखाली एका चाकाचा तुकडा.

“हे चाक कोणाचं?” काकूंनी विचारले.

मी ते चाक स्वतःच्या हातांनी गाडीपर्यंत ढकलले होते. शाल घसरत होती म्हणून गुडघ्यांवर नीट खोचलीही होती. तरी चार नावे ऐकून मी मान डोलावली होती.

“हीटरजवळ झोपल्या होत्या त्या,” मी कसेबसे म्हणालो.

“तुम्ही सगळे चहाला गेलात, आणि म्हातारीला हीटरजवळ ठेवलंत. ऊब मिळावी म्हणून. प्रेमानंच.” काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. “तू मोजलं नाहीस, त्या मुलीनं मोजलं नाही, तिच्या नातवानंही नाही. खुर्चीत बसवलेल्या माणसाला कोणी मोजत नाही, बाळा. मला ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी दुसरं काय करते इथं?”

डॉरथीआजी राहतात त्या रेस्ट होमला, म्हणजे वृद्धाश्रमाला, औषधे मी काम करतो त्या फार्मसीतून जातात. गोळ्यांची पाकिटे घेऊन मी तिथे अनेकदा गेलो आहे. पांघरुणावर त्यांची बोटे अखंड हलत असतात, हे मी पाहिले होते. वयानुसार येणारा कंप, असे मी मनात नोंदवून टाकले होते. त्या दुपारी दारातूनच मला दिसले, की दोन्ही हातांची बोटे वेगवेगळी, क्रमाने उचलली जात होती आणि क्रमाने मिटत होती. ती ‘सदर्ली’ची मींड होती. मी तिला लक्षण समजलो होतो.

आजींच्या तोंडात कवळी नव्हती. ती खाटेशेजारच्या बशीत, कागदी रुमालावर, कोरडी पडली होती. तिच्याजवळ कवळी बुडवून ठेवायचा निळा डबा झाकण घट्ट लावून ठेवलेला होता. काकूंची नजर बशीवरून डब्यावर गेली, आणि डब्यावरून माझ्यावर. मला ते समजले. कवळी कोरडी बाहेर आणि डबा बंद, असे कोणी ठेवत नाही. डब्यात दुसरे काहीतरी होते.

काकूंनी डब्याला हात लावला नाही. त्यांनी खुर्ची ओढली, आजींच्या बरोबरीने बसल्या आणि आपल्या संथ, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत आपली ओळख सांगितली: मी दातांची डॉक्टर आहे, मी भिंतीवरचा तुमचा फोटो पाहिला, तुमचा डावा दात फार सुंदर होता.

 आजींनी स्वतःच डबा उघडला. आत माउथपीस होता.

पुढचे सगळे त्यांनी सावकाश, ओठांवर ओठ मिटत, सांगितले. क्लॅरिनेट त्यांचेच, मामांनी दिलेले. त्या दिवशी स्टुडिओत लेन यांचा ओठ फुटला होता, म्हणून आयत्या वेळी त्यांनी ‘सदर्ली’ वाजवली. निवेदकाने सवयीने लेन यांचे नाव घेतले. लेन म्हणाले, पुढच्या आठवड्यात दुरुस्ती करायला सांगतो. पुढच्या आठवड्यात पत्रे येऊ लागली होती, नृत्यगृहांची बोलावणी येऊ लागली होती. मग लग्न ठरले, आणि वडिलांनी आहेर दिला. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा क्लॅरिनेट तोंडाला लावले, तेव्हा लेन दारात उभे होते. त्यांनी ऐकले, आणि आपलेही क्लॅरिनेट पुन्हा कधी उघडले नाही.

“तो सांगणार होता,” आजी म्हणाल्या. “दर वर्षी सांगणार होता. वाईट नव्हता तो. फक्त दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं.”

मी धीर करून विचारले, की त्यांनी माउथपीस का घेतला.

त्यांनी तो माझ्या हातात न देता काकूंच्या तळहातावर ठेवला आणि काकूंचे बोट धरून त्या दोन खुणांवर टेकवले.

“माझे दात एवढेच उरलेत,” त्या म्हणाल्या.

काकूंनी डोळे मिटून घेतले. त्या खुणांवरचे बोट त्यांनी उचलले नाही.

मग मला जे सांगायचे होते ते मी सांगितले. वाक्य मनात बांधले नाही. एका मुलीवर चोरीचा आळ आला आहे, आणि ती शनिवारी ‘सदर्ली’ वाजवू शकणार नाही. आजींचा चेहरा एकदम उतरला. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांना त्रास नको म्हणून.

“ग्रॅहमला बोलाव,” त्या म्हणाल्या. “आणि त्या मुलीलाही. माझी कवळी दे आधी.”

६

ग्रॅहम यांनी ते सगळे आजींच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ऐकले. मधेच ते खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. आजोबा उठून रेडिओ बंद करायचे, एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मुग्धाची त्यांनी क्षमा मागितली, तीही नीट, नजर न चुकवता. ती म्हणाली, ठीक आहे. पण ठीक आहे म्हणायला तिला वेळ लागला, आणि तो वेळ तिने घेतला याचे मला बरे वाटले.

आजींनी मुग्धाला जवळ बोलावून ती धून कशी वाजवतेस ते गुणगुणून दाखवायला सांगितले. शेवटच्या सुराअलीकडचा तो प्रसिद्ध श्वास आला, तशा त्या नकारार्थी मान हलवू लागल्या.

“तिथे थांबू नकोस. तिथे मला हसू आलं होतं. काचेपलीकडे लेन नाचून दाखवत होता.”

शनिवारी सभागृह भरले होते. वासंतीकाकूंना पहिल्या रांगेत, मधोमध बसवले होते, आणि त्यांच्या शेजारी डॉरथीआजींची चाकाची खुर्ची. ग्रॅहम माइकपाशी आले. त्यांच्या हातात कागद नव्हता. ‘सदर्ली’, ते म्हणाले, ही धून माझ्या आजीने, डॉरथीने, अठरा वर्षांची असताना वाजवली. माझ्या आजोबांना हे सांगायचे होते. त्यांना उशीर झाला. आम्हालाही झाला.

टाळ्या सावकाश सुरू झाल्या आणि बराच वेळ टिकल्या. आजी कोणाकडेच पाहत नव्हत्या. त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली होती आणि शालीखालून माउथपीस बाहेर घेतला होता.

मग मुग्धा उभी राहिली. तळातला तो सूर निघाला आणि वर चढू लागला. मी दुसऱ्या क्लॅरिनेटवर खालचा सूर धरून होतो. माझ्या वाट्याला तेवढेच आहे, आणि त्या क्षणी ते पुरेसे होते. ऐंशी वर्षे ज्या जागी सगळे थांबत आले त्या जागी मुग्धा थांबली नाही. मींड न तुटता शेवटच्या सुराला जाऊन भिडली.

धून संपली. टाळ्या पडण्याआधी एक रिकामी जागा उरली, आणि तीत पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला. आजींनी माउथपीस ओठांत धरला होता आणि त्या त्यात फुंकत होत्या. त्याला रीड नव्हती, पट्टी नव्हती, वाद्य नव्हते. सूर निघणे शक्यच नव्हते. नुसता श्वास येत होता.

काकूंनी आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि वाकून, कान देऊन, तो शेवटपर्यंत ऐकला.